दोन अक्षरांची किल्ली : ब्राह्मी लिपी आणि तिच्या मागे लागलेली हौशी माणसे

१/ चौदाव्या शतकाच्या मध्यास दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याला अंबाल्याजवळच्या टोपरा गावात एक अखंड दगडी स्तंभ दिसला. लोक त्याला भीमाची काठी म्हणत. सुलतानाला तो आपल्या नव्या राजधानीत हवा होता. शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्या वाहतुकीचे वर्णन लिहून ठेवले आहे. स्तंभ अलगद आडवा व्हावा म्हणून सावरीच्या कापसाचे ढीग रचले, त्याला बोरू आणि कच्च्या चामड्याने लपेटले, ४२ चाकांच्या गाड्यावर चढवले, हजारो माणसांनी दोर ओढले आणि अखेर नावांवरून यमुनेतून तो दिल्लीस पोहोचला. आजही तो फिरोजशाह कोटल्यावर उभा आहे.

२/ स्तंभावर मजकूर कोरलेला होता. अक्षरे सुबक, ओळी सरळ. सुलतानाने विद्वान ब्राह्मणांना बोलावून अर्थ विचारला. कोणालाच वाचता आले नाही. मात्र अफीफ पुढे नोंदवतो की काहींनी तरीही अर्थ सांगितला : फिरोज नावाचा बादशाह येईपर्यंत हा स्तंभ कोणालाही हलवता येणार नाही, असे म्हणे त्यावर लिहिले होते. ब्राह्मी लिपीच्या आधुनिक शोधाची कहाणी सुरू होण्यापूर्वीचे हे पहिले ठळक 'वाचन'. ऐकणाऱ्याला जे ऐकायचे होते तेच त्यात होते. हा धोका पुढे अनेकांना भोवला.

३/ येथे एक विपर्यास लक्षात घ्यावा. ही लिपी परकी नव्हती. देवनागरी तिचीच वंशज आहे, मोडीही तिच्याच कुळातली. ब्राह्मीतला 'ठ' म्हणजे एक साधे वर्तुळ; देवनागरीच्या 'ठ'च्या पोटात ते वर्तुळ अजून शाबूत आहे. पण पिढ्यानपिढ्या प्रत्येक लेखकाने वळण थोडे बदलले, शिरोरेघ आली, अक्षरे वाकली, आणि हजार-बाराशे वर्षांत नातवाला आजोबांचा चेहरा ओळखता येईनासा झाला. ग्रंथ नकलून नकलून पुढे येत राहिले, म्हणून भाषा टिकल्या. दगड मात्र कोणी नव्या वळणात नकलून घेतला नाही, आणि तो मुका झाला.

४/ सतराव्या शतकाच्या आरंभी टॉमस कोर्याट हा इंग्रज प्रवासी पायी फिरत हिंदुस्थानात आला. त्याने दिल्लीचा स्तंभ पाहिला आणि अक्षरे ग्रीक असल्याचे ठरवून टाकले. त्याच्या मते पोरसावरील विजयाच्या स्मरणार्थ अलेक्झांडरने हा स्तंभ उभारला होता. तर्क अगदीच निराधार नव्हता, कारण ब्राह्मीतली काही चिन्हे ग्रीक अक्षरांसारखी दिसतात. पण दिसण्यावरून ओळख पटवणे आणि वाचणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. कोर्याटला अलेक्झांडर ठाऊक होता, म्हणून त्याला अलेक्झांडर दिसला. ठाऊक नसलेला राजा त्याला दिसणार कसा?

५/ १७८४ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली. सभासद होते न्यायाधीश, लष्करी अधिकारी, वैद्य, कारकून. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात ते या देशाचा इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान आणि वनस्पती यांविषयी प्रश्न विचारत. चार्ल्स विल्किन्स यांनी पंडितांच्या साहाय्याने मध्ययुगातल्या आणि त्यामागच्या काही लेखांची अक्षरे लावली. नवे वळण ओळखीचे करून घ्यावे आणि त्याच्या आधाराने जुने वळण ताडावे, अशी ही पायरी-पायरीने मागे जाण्याची पद्धत होती. सर्वांत जुनी पायरी मात्र हाती लागत नव्हती.

६/ तेवढ्यात एक मोठा फसवणुकीचा प्रकार घडला. वेरूळसह पश्चिमेकडील लेण्यांतील लेखांच्या प्रती सर चार्ल्स मॅलेट यांनी जोन्स यांच्याकडे पाठवल्या. त्या काशीत राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड या लष्करी अधिकाऱ्याकडे गेल्या. विल्फर्ड यांना एक पंडित भेटला. आपल्याजवळ प्राचीन लिप्यांचा ग्रंथ आहे, त्यात या अक्षरांची किल्ली आहे, असे त्याने सांगितले. त्याप्रमाणे 'वाचन' झाले : वनवासातील पांडवांच्या भटकंतीचा तो मजकूर निघाला! विल्फर्ड यांनी तो विश्वासाने प्रसिद्धही केला. ग्रंथ बनावट होता आणि अर्थही. लेण्यांना पांडवांची म्हणणारी लोकसमजूत तेवढी त्या अर्थाला अनुकूल होती, आणि तेवढे पुरले.

७/ फिरोजशाहाच्या दरबारातले वाचन, कोर्याटचे वाचन आणि विल्फर्ड यांचे वाचन या तिन्हींत एक समान दोष होता. अर्थ आधी ठरला होता. अक्षरे नंतर त्याच्या सेवेला लावली गेली. अशा वाचनाला पारखण्याचा मार्ग नसतो, कारण एका लेखात 'क' ठरलेले चिन्ह दुसऱ्या लेखातही 'क'च निघते का, हा प्रश्न कोणी विचारतच नाही. लिपीचा खरा उलगडा त्या एका प्रश्नावर उभा असतो. सुटलेले प्रत्येक अक्षर सर्वत्र तेच राहिले पाहिजे, आणि तरीही प्रत्येक ठिकाणी अर्थ लागला पाहिजे.

८/ हा प्रश्न विचारणारा माणूस टांकसाळीत कामाला होता. जेम्स प्रिन्सेप, जन्म १७९९. विशीत हिंदुस्थानात येऊन तो काशीच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहणारा अधिकारी झाला. नाणे खरे की खोटे, चांदीत भेसळ किती, हे ठरवणे हा त्याचा रोजचा धंदा. एका ग्रेनचा तीन हजारावा भाग दाखवील असा तराजू त्याने तयार केला होता. काशीत त्याने सांडपाण्याचा भुयारी मार्ग बांधला, औरंगजेबाच्या मशिदीचे खचलेले मिनार दुरुस्त केले. १८३० नंतर कलकत्त्यात कंपनी सरकारच्या वजनमापांच्या आणि नाण्यांच्या एकीकरणात त्याने प्रमुख भाग घेतला. संस्कृतचा पंडित म्हणावा असा तो कधीच नव्हता.

९/ एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाल्यावर त्याने देशभरच्या हौशी मंडळींना हाक दिली : जेथे लेख दिसेल तेथे त्याचा ठसा घ्या, नाणे सापडेल तर त्याचे चित्र पाठवा. त्याच्या मासिकात हे सारे छापले जाऊ लागले. १८३४ मध्ये प्रयागच्या स्तंभावरील अक्षरे घेऊन त्याने ती मोजली, वर्गवारी लावली, आणि मूळ चिन्हाला ठरावीक रेघा जोडून स्वर दाखवले जातात हे ताडले. म्हणजे बाराखडीचा सांगाडा त्याला दिसला. उच्चार मात्र एकाही अक्षराचा निश्चित नव्हता. त्याच सुमारास मुंबई इलाख्यात जॉन स्टीव्हन्सन हे पाद्री कार्ल्याच्या लेण्यातील लेखांशी झुंजत होते. काही अक्षरे त्यांनी बरोबर ओळखली, पण भाषा संस्कृत असणार या गृहीताने त्यांची वाट अडवली. लेख प्राकृतात होते.

१०/ १८३६ मध्ये जर्मन विद्वान ख्रिस्तियन लासेन यांनी ॲगॅथोक्लीस या ग्रीक राजाच्या नाण्यावरचे नाव वाचले. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी. त्यामुळे काही अक्षरे पक्की झाली. मग १८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपाभोवतीच्या कठड्यावरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेपकडे पाठवले. छपाईसाठी ते एका पानावर ओळीने मांडताना त्याच्या ध्यानात आले की बहुतेक सर्व लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो.

११/ एकाच ठिकाणी, वेगवेगळ्या दगडांवर, इतके त्रोटक लेख आणि सर्वांचा शेवट सारखा. असे केव्हा घडते? देवळाच्या पायऱ्यांवर, घाटावर, धर्मशाळेच्या फरशीवर कोरलेली नावे आठवावीत. प्रत्येक दगडावर देणाऱ्याचे नाव असते. तेव्हा शेवटचा शब्द 'दानं' असावा, आणि त्यापूर्वी वारंवार येणारे अक्षर म्हणजे प्राकृतातील षष्ठीचा 'स', म्हणजे 'अमक्याचे'. हे 'स' त्याला नाण्यांवरून आधीच सुचले होते. 'द'ला काना, 'न'वर अनुस्वाराचे टिंब : एका शब्दाने द, न, आकार आणि अनुस्वार असे चार दुवे मोकळे केले. अनुस्वारासाठी मराठी माणूस आजही तेच टिंब देतो.

१२/ किल्ली खरी आहे की विल्फर्ड यांच्या पंडिताच्या ग्रंथासारखी, याची परीक्षा लगेच झाली. तीच अक्षरे दुसऱ्या लेखांत घातली तेव्हा शब्द उमटू लागले, आणि उरलेली अक्षरे शब्दांच्या आधाराने सुटत गेली. काही आठवड्यांत दिल्लीच्या स्तंभाचा मजकूर वाचला गेला. फिरोजशाहाचे त्यात नाव नव्हते, अलेक्झांडरचेही नव्हते. बोलत होता 'देवानंपिय पियदसि', देवांचा प्रिय प्रियदर्शी, असा स्वतःचा उल्लेख करणारा कोणी राजा. आणि सांगत होता प्राण्यांची हत्या टाळण्याविषयी, रस्त्यालगत लावलेल्या वडांविषयी आणि आमरायांविषयी, धर्माने वागण्याविषयी.

१३/ हे यश एकट्याचे नव्हते. प्राकृत वाक्यांचा अर्थ लावताना प्रिन्सेपच्या शेजारी कमलाकांत विद्यालंकार हे पंडित होते, पालीसाठी रत्नपाल हा सिंहली जाणकार होता. प्रिन्सेपने त्यांची मदत नमूद केली. पुढच्या ग्रंथांनी मात्र बहुधा एकच नाव लक्षात ठेवले. ज्या कंपनी सरकारची सत्ता या देशावर पसरत होती, त्याच सरकारचे नोकर देशाचा हरवलेला भूतकाळ उजेडात आणत होते, हेही विसरता येत नाही. या ज्ञानाचा जन्म असमान नात्यांच्या घरात झाला. पण लिपीची किल्ली एकदा छापली गेली की ती कोणाचीच मालमत्ता राहत नाही. याचा प्रत्यय पुढे जुनागडात आला.

१४/ प्रियदर्शी कोण? प्रिन्सेपला आधी वाटले, सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स. तसे त्याने छापलेही. त्याच वर्षी सिंहलद्वीपात मुलकी नोकरीत असलेल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली 'दीपवंस' चाळताना पाहिले की पियदस्सि हे चंद्रगुप्ताचा नातू अशोक याचे नाव आहे. प्रिन्सेपने हा खुलासा आपल्याच मासिकात प्रसिद्ध केला आणि स्वतःचे मत सोडले. पुढे गिरनारच्या शिळेचा लेख आला. त्यात 'अंतियोक', 'तुरमाय' अशी नावे निघाली, म्हणजे सीरियाचा अँटिओकस आणि इजिप्तचा टॉलेमी. कोर्याटचे ग्रीक अशा रीतीने दोन शतकांनी भलत्याच दाराने आत आले, आणि अशोकाचा काळ इसवी सनपूर्व तिसरे शतक असा पक्का झाला.

१५/ या कामाची किंमत प्रिन्सेपने प्रकृतीने चुकवली. दिवसा टांकसाळ, रात्री ठसे. १८३८ मध्ये असह्य डोकेदुखी सुरू झाली, भान हरपू लागले. मित्रांनी त्याला जहाजाने मायदेशी धाडले. २२ एप्रिल १८४० रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, लंडनमध्ये त्याचा अंत झाला. कलकत्तेकरांनी त्याच्या स्मरणार्थ हुगळीकाठी घाट बांधला. पण त्याचे खरे स्मारक म्हणजे त्याने छापलेला अक्षरांचा तक्ता.

१६/ तो तक्ता जुनागडच्या भगवानलाल इंद्रजी नावाच्या मुलाच्या हाती पडला. जन्म १८३९. गावाबाहेर गिरनारच्या वाटेवर ती प्रसिद्ध शिळा. एकाच दगडावर अशोक, क्षत्रप रुद्रदामन आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्त अशा तीन काळांचे लेख. तक्ता घेऊन तो शिळेपाशी जाऊ लागला आणि एकेक अक्षर जुळवू लागला. इंग्रजी त्याला जेमतेम येत होते. 'रासमाळा'कार फोर्ब्स यांच्या शिफारशीने तो मुंबईस आला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचा सहकारी झाला. भाऊ दाजी मूळचे गोव्यातील मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले पदवीधर. दिवसभर रुग्ण तपासायचे, गरिबांना फुकट औषध द्यायचे, आणि उरलेल्या वेळात अजिंठ्याचे लेख लावायचे, असा त्यांचा क्रम होता. १८७४ मध्ये भाऊ दाजी वारले, तोवर भगवानलाल त्यांच्यासाठी लेणी, नाणी आणि ठसे यांच्या शोधात देशभर भटकत राहिले.

१७/ एप्रिल १८८२ मध्ये भगवानलालांनी वसईजवळच्या सोपारा गावी 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड खोदले. आत विटांचा स्तूप निघाला, स्तूपात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आणि सर्वांत आत मातीच्या भांड्याचे काही इवलेसे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कोणीतरी ते श्रद्धेने जपले होते. त्याच गावात त्यांना एका दगडाचा भंगलेला तुकडा मिळाला. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखाच्या थोड्या ओळी होत्या : पूर्वीचे राजे मृगयेला जात, या राजाने मात्र बोधिवृक्षाच्या दर्शनाला जाऊन धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा आशय. नववा लेख जवळच्या भुईगावात १९५६ मध्ये सापडला. कोकणच्या बंदरापर्यंत तो आवाज पोहोचला होता याचा हा पुरावा. लायडेन विद्यापीठाने भगवानलालांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

१८/ एक गाठ अजून सुटायची होती. प्रियदर्शी म्हणजे अशोक, हे ठरले होते ते ग्रंथाच्या आधारे. प्रियदर्शीच्या स्वतःच्या कोणत्याही ज्ञात लेखात अशोकाचे नाव नव्हते. १९१५ मध्ये निजामाच्या राज्यात रायचूरकडील मस्की येथे सोन्याच्या खाणींच्या शोधात असलेल्या बीडन नावाच्या अभियंत्याला एका खडकावर अक्षरे दिसली. त्यात 'देवानंपियस असोकस' असे स्पष्ट कोरले होते. टर्नर यांचे अनुमान ७८ वर्षांनी दगडाने मान्य केले. इतिहासात अनुमान आणि प्रमाण यांच्यामध्ये कधी कधी तीन पिढ्या जातात. तोवर अनुमानाला अनुमान म्हणण्याचा संयम ठेवावा लागतो.

१९/ टांकसाळीचा कसतज्ज्ञ, मुलकी नोकर, वैद्य, तक्ता घेऊन शिळेपुढे बसणारा मुलगा, खाण अभियंता : यांपैकी कोणीही इतिहासाचा अधिकृत जाणकार म्हणून सुरुवात केली नव्हती. हौशी माणसाचे कुतूहल हीच त्यांची शिदोरी. पण विल्फर्डही हौशीच होते आणि त्यांचे कुतूहलही खरे होते. भेद एवढाच की विल्फर्ड यांना उत्तर मिळाले तेव्हा ते थांबले, आणि प्रिन्सेपला उत्तर मिळाले तेव्हा त्याने ते दुसऱ्या दगडावर घासून पाहिले. भेसळीचे नाणे हातात आले तर ते आपलेच आहे म्हणून खरे ठरत नाही, हे कसोटीचा दगड घेऊन बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

२०/ लिपी सुटल्यावर जे वाचता आले त्यात गिरनारचा बारावा लेख आहे. स्वतःच्या पंथाची अवास्तव स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निष्कारण निंदा करू नये, वाणीवर संयम ठेवावा, एकमेकांचा धर्म ऐकावा, असे तो राजा त्यात सांगतो. या मजकुरासमोरून शतकानुशतके यात्रेकरू गेले, सैन्ये गेली. कोणी त्याला भीमाची करामत मानले, कोणी गुप्त धनाची खूण. दगड तेच सांगत होता. सोपाऱ्याच्या आज्ञालेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. त्यापुढे उभे राहून 'न' शोधावा : एक उभी रेघ, तिच्या पायाशी एक आडवी. दिल्लीच्या दरबारात जे कोणालाही साधले नाही, त्याची सुरुवात तेवढ्यानेही होते.